नुसतं तडस?

जवाहरनगर

प्रिय सई,


वाटेवर लावलेल्या कॅमेऱ्यातला फोटो मिळाला. खाली तू लिहिलंस, "वाघ नाही आला आबा, नुसतं तडस." त्या 'नुसतं'साठी हे पत्र.

फोटो पुन्हा बघ. पुढचे पाय उंच, मागचे आखूड, म्हणून पाठ उतरती. भ्यालं की आयाळ उभारून आहे त्याहून बरंच मोठं दिसतं. बहुतेकदा तेवढ्यावरच भागतं. वाटतं कुत्र्यासारखं, पण गोत मांजर-मुंगसाचं.

माणसांनी मात्र त्याच्याबद्दल वाटेल ते लिहिलं. रोमच्या प्लिनीनं इ.स. 77 च्या सुमारास नोंदवलं, की तडस मेंढपाळाच्या दारी माणसासारखं बोलतं, नाव घेऊन बाहेर बोलावतं आणि फाडतं. आपल्या हाकामारीचाच अवतार! तडस नराचं मादी होतं, ही तर त्याहून जुनी समजूत. शेपटीखालच्या एका खाचेमुळे हा घोटाळा होतो, असं ॲरिस्टॉटलनं चारशे वर्षं आधीच सांगितलं होतं. प्लिनीला ते ठाऊक होतं. तरी भाकडकथाच पुढे चालली. चेटकिणी तडसावर बसून हिंडतात म्हणे. इथे फॅक्टरीच्या वसाहतीतही न झोपणाऱ्या पोराला तडसाचंच भय घालत.

'द लायन किंग' सिनेमातलं खिदळणारं टोळकं आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या तडसांचं. त्यांच्यावरही अन्यायच. संशोधक हान्स क्रूक यांनी टांझानियातल्या न्गोरोन्गोरोत रात्री जागून पाहिलं, तर शिकार तडसांची आणि सिंह आयत्या ताटावर, असं कितीदा तरी निघालं. 1972 मध्ये त्यांचं पुस्तक आलं.

आपलं पट्टेवालं हसत नाही, फारसं ओरडतही नाही. रात्री बहुधा एकटंच फिरतं, मेलेलं ढोर खातं, हाडंसुद्धा फोडून. त्या हाडांमुळे विष्ठा पांढरी पडते. पायवाटेवर बघत जा. शेळी, कुत्रंही उचलतं. शेळीवाल्याचा राग मला पटतो.

जगात प्रौढ पट्टेवाली 10,000 पेक्षा कमी असावीत, असा अंदाज आहे. वाघासारखेच यांचेही पट्टे प्रत्येकाचे वेगळे, त्यावरून एकेक जनावर ओळखता येतं. पण दोन्ही कुशींचे पट्टे सारखे नसतात. तुझ्या फोटोत उजवीच कूस आहे. सरांना सांगून वाटेच्या पलीकडेही एक कॅमेरा लावून घे.

तुझा,
आबा