तिसऱ्या रकान्यात काय लिहू?

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीच्या चौथ्या दिवशी मॅडमनी माझ्या हातात एक कोरा तक्ता ठेवला. पाच रकाने होते: काम, धोका, जोखीम, उपाय, फेरतपासणी. "नमुना खिडकीत येतो तिथपासून कचरा गाडीत जातो तिथपर्यंत सगळं लिहून काढ. शुक्रवारी बघू," एवढं बोलून त्या वॉर्डात निघून गेल्या.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलेली. जैवसुरक्षेवर परीक्षेत हमखास प्रश्न यायचा, त्यामुळे चार पातळ्या मला तोंडपाठ होत्या. कोणता जंतू कोणत्या गटात, कोणत्या पातळीला किती दारं, चौथ्या पातळीची प्रयोगशाळा पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्थेत, सगळं येत होतं. एका संध्याकाळात मी तक्ता भरून टाकला. धोक्याच्या रकान्यात बेचाळीस जंतूंची नावं, तिसऱ्या रकान्यात आलटून पालटून 'जास्त', 'मध्यम', 'कमी', आणि उपायांत पहिल्या ओळीला 'मास्क, हातमोजे, ॲप्रन' लिहून खाली शेवटपर्यंत 'वरीलप्रमाणे'. अक्षरही वळणदार काढलं होतं.

मॅडमनी तो दोन मिनिटांत वाचला. "घरी विळी आहे?"

मला वाटलं, विषय बदलला. "आहे."

"विळी हा धोका. जोखीम कुठे आहे?"

"चिरताना."

"तुझी आई रोज चिरते. बोट किती वेळा कापलं?"

मी आठवू लागले. एकदाच. दारावरची बेल वाजली म्हणून आई विळी तशीच उघडी टाकून उठली होती, आणि परत येऊन बसताना लक्ष दुसरीकडे होतं.

"मग जोखीम पात्यात नव्हती, उठण्यात होती," मॅडम म्हणाल्या. "तू मला बेचाळीस विळ्यांची यादी दिलीस. कोण बसतं, कसं बसतं, मध्येच कोण हाक मारतं, यातलं काही नाही. आता दोन दिवस काही लिहू नकोस. स्टूल घेऊन कोपऱ्यात बस आणि हात बघ. जंतू तुला दिसणार नाहीत, हात दिसतील."

तर मी, पदवीत पहिल्या वर्गात आलेली मुलगी, दोन दिवस कोपऱ्यात स्टुलावर बसून लोकांचे हात बघत होते. पहिल्या तासाभरात कंटाळा आला आणि दुसऱ्या तासाला धडकी भरली.

थुंकीच्या नमुन्याची डबी खिडकीत येते. तिच्याभोवती तपासणीचा कागद गुंडाळलेला असतो, वर रबरबँड. झाकण कुणी नीट लावलेलं असतं, कुणी नसतं. कागदाची कड ओलसर. तोच कागद सुटा होऊन नोंदणीच्या टेबलावर जातो, आणि तिथले काका अंगठा जिभेला लावून पुढचं पान उलटतात. माझ्या तक्त्यात क्षयाचा जंतू होता, कागद नव्हता. अंगठा तर नव्हताच.

आत जैवसुरक्षा कॅबिनेट होतं. त्याच्याविषयी मला फार आदर. समोरच्या फटीतून हवा आत ओढली जाते आणि तो हवेचा पडदा काम करणाऱ्याला सांभाळतो, हे मी उत्तरपत्रिकेत आकृतीसह लिहिलेलं. पण त्या पडद्याचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर. माणूस सहज चालतो तोच सेकंदाला एक मीटरहून जास्त वेगाने. म्हणजे कॅबिनेटसमोरून कुणी लगबगीने गेलं की पडदा हलला. आमच्याकडे कॅबिनेटच्या समोरच दार, दारातून चहा, आणि उकाड्यामुळे कोपऱ्यात उभा पंखा. त्याचं तोंड नेमकं कॅबिनेटकडे.

नमुने गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज थांबतं न थांबतं तोच प्रयोगशाळेतले जुने सर झाकण उघडायचे. आत एखादी नळी फुटली असेल तर तिच्यातलं द्रव्य बारीक तुषार होऊन तरंगत असतं आणि निदान दहा मिनिटं झाकण बंद ठेवायचं असतं, हे सरांनाही ठाऊक होतं. "वीस वर्षांत कधी फुटली नाही गं," ते हसून म्हणाले. ओला लूप, म्हणजे जंतू उचलायची तारेची कडी, ज्योतीत धरला की 'चर्र' असा आवाज यायचा. तो आवाज म्हणजे थेंब उडाल्याची वर्दी, हे मला त्या दिवशी कळलं. पाच वर्षं मी तो आवाज काम चालू असल्याची खूण म्हणून ऐकत आले होते.

सगळ्यात जास्त शिकवलं ते मावशींनी. त्या कचरा उचलतात, भांडी धुतात, ऑटोक्लेव्ह लावतात. पिवळ्या, लाल पिशव्या, सुयांचा पांढरा डबा, काचेचा निळा, असे २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांतले रंग मला पाठ होते. कोणत्या रंगात प्रत्यक्षात काय सापडतं ते मावशींना पाठ होतं.

"ताई, मागल्या वर्षी पिवळ्या पिशवीतनं सुई टोचली मला."

"मग? कुणाला सांगितलंत?"

"सांगून काय, ओरडाच बसतो. हात धुतला, झालं."

मी वही मिटून बसले. पुस्तकातला एक आकडा एकदम डोळ्यांसमोर आला. प्रयोगशाळांत काम करताना लागण झालेल्या ३,९२१ लोकांची माहिती १९७६ मध्ये पाइक या संशोधकाने एकत्र मांडली होती. त्यांतल्या वीस टक्क्यांहून कमी घटनांत नोंदलेला अपघात सापडला. बाकीच्यांत कुठे काय चुकलं, याचा पत्ता नाही. हे परीक्षेसाठी वाचताना मला वाटलं होतं, जंतू किती लबाड! आता वाटलं, त्यांतल्या कितीजणांनी नुसता हात धुतला असेल?

ऑटोक्लेव्हविषयी माझी ओळ अशी होती: '१२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. जोखीम शून्य.' मावशी त्याला मोठा कुकर म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण पिशव्या जास्त झाल्या की त्या दाबून भरायच्या. पिशवीवरच्या चिकटपट्टीवर काळे पट्टे उमटले की काम फत्ते. मॅडमनी मला उष्णतेला दाद न देणाऱ्या एका जंतूच्या बीजाणूंची पट्टी दिली आणि ठेचून भरलेल्या पिशवीच्या मधोमध ठेवायला सांगितली. बाहेरची चिकटपट्टी झकास काळी झाली. मधली पट्टी उबवणीत ठेवली, तर जंतू वाढले. म्हणजे वाफ पिशवीच्या पोटात शिरलीच नव्हती. "कुकरमध्ये तांदळाचा डबा काठोकाठ भरला तर मधला भात कच्चाच राहतो की," मावशी म्हणाल्या. हे वाक्य मी तक्त्यात जसंच्या तसं उतरवलं.

तरी एका ओळीवर मी अडून बसले होते. 'चिमटा: जोखीम नाही.' चिमट्यात कसली आलीय जोखीम? मॅडमनी तेव्हा मुलकोवालची गोष्ट सांगितली. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. लस मुंबईत बनायची आणि देशभर जायची. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावात ती टोचली, आणि एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिनना पदावरून दूर व्हावं लागलं. पुढे चौकशीतल्या नोंदी नीट तपासल्यावर समोर आलं ते असं: गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो ज्योतीत न धरता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून त्याच चिमट्याने बूच काढलं होतं. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी हाफकिनची बाजू मांडली, १९०७ मध्ये त्यांच्यावरचा ठपका गेला, आणि १९२५ मध्ये लस बनवणाऱ्या परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं. मी 'नाही' खोडलं.

दुसरा तक्ता लिहायला तीन आठवडे लागले. जंतूंची नावं त्यात फारशी नव्हती, क्रियापदं होती: उघडणे, ओतणे, ढवळणे, टोचणे, पुसणे, नेणे. प्रत्येक क्रियेपुढे दोन प्रश्न. चूक होण्याचा संभव किती? झाली तर परिणाम किती मोठा? या दोन्हींचा मेळ म्हणजे तिसरा रकाना. जागतिक आरोग्य संघटनेच्या जैवसुरक्षा पुस्तिकेची २०२० ची चौथी आवृत्तीही हेच सांगते: नुसत्या गटाकडे आणि पातळीकडे बघून थांबू नका, तुमच्या खोलीत तुमची माणसं काय करतात ते बघा. मला वाटलं, आता जमलं आपल्याला.

पाचव्या महिन्यात कळलं की जमलं नव्हतं.

एका रुग्णाच्या ब्लड कल्चरची बाटली चौथ्या दिवशी यंत्रात वाजली, म्हणजे आत जंतू वाढल्याची सूचना आली. कागदावर लिहिलं होतं, 'पीयूओ', म्हणजे कारण न कळलेला ताप. बाकी सगळं कोरं. बाटलीतला थेंब वाढीच्या प्लेटवर लावला, तिच्यावर दोन दिवसांनी अगदी बारीक, दवबिंदूंसारख्या वसाहती आल्या. मी प्लेट टेबलावरच उघडली. झाकण बाजूला करून वास घेतला. कॉलेजात सवय लागलेली, काही जंतू वासावरून ओळखू येतात. मग काचपट्टीवर थोडी वाढ घेऊन पेरॉक्साइडचा थेंब टाकला. छान फसफसलं. फसफसणं म्हणजे फुटणारे बुडबुडे आणि बुडबुडे म्हणजे तुषार. तक्त्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलेली ही ओळ त्या क्षणी माझ्या मनातही आली नाही.

मॅडम सूक्ष्मदर्शकात बराच वेळ बघत राहिल्या. इवलेसे, वाळूसारखे पसरलेले ग्रॅम निगेटिव्ह जंतू. मग युरिएज चाचणीची नळी बघता बघता गुलाबी झाली. "प्लेट बंद कर. टेप लाव. कॅबिनेटमध्ये ठेव," आवाज न चढवता त्या म्हणाल्या. "ही कुठे उघडली होतीस? तेव्हा खोलीत कोण कोण होतं?"

तो ब्रुसेला असण्याची दाट शक्यता होती. गाई-म्हशी-शेळ्यांत सांसर्गिक गर्भपात घडवणारा जंतू. श्वासातून अगदी मोजके जंतू गेले तरी माणसाला लागण होते, म्हणूनच प्रयोगशाळेत होणाऱ्या लागणींत त्याचं नाव नेहमी वर असतं. वॉर्डात फोन केला. रुग्णाच्या घरी शेळ्या होत्या आणि महिन्याभरापूर्वी एक शेळी गाभडली होती. तिचं सगळं त्यांनी उघड्या हाताने आवरलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. पुढे निदान पक्कं झालं.

त्या वेळी खोलीत आम्ही चौघं होतो: मी, सर, एक शिकाऊ मुलगा आणि फरशी पुसत असलेल्या मावशी. चौघांचं रक्त घेतलं. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन सुरू केलं, २१ दिवस. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते हे मला पुस्तकातून माहीत होतं. मावशींना कुणी सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पांढऱ्याफटक चेहऱ्याने माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांना समजावताना मला रडू आलं. चूक माझी, गोळ्या त्यांनाही. नंतर चोवीस आठवडे आम्ही ताप मोजला आणि ठरलेल्या वेळी रक्त तपासलं. चौघांपैकी कुणालाही काही झालं नाही.

मॅडम ओरडल्या नाहीत. मला वाटतं, मावशींची सुईची गोष्ट मी त्यांना सांगितली होती म्हणून. त्यांनी तक्ता पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "इथे काय उपाय लिहू?"

मी म्हटलं, "एन-९५ मास्क."

"तो सगळ्यात शेवटी. आधी धोकाच टाळता येतो का बघ. मग कॅबिनेटसारखा आडोसा, मग कामाची पद्धत, आणि या सगळ्यातूनही जे निसटेल त्याच्यासाठी मास्क."

त्या क्रमाने लिहीत गेले. प्लेटचा वास घेणं कायमचं बंद. याला पैसा लागत नाही. वाजलेली बाटली कॅबिनेटमध्येच उघडायची. सावकाश वाढणारे, बारीक, ग्रॅम निगेटिव्ह दिसले की प्लेटला टेप आणि आधी मॅडमना हाक. कॅबिनेटसमोरचा पंखा हलवला आणि काम चालू असताना ते दार बंद. कागद आणि डबी वेगवेगळ्या पिशव्यांत. सुई टोचली, काही सांडलं, तर नोंदवहीत लिहायचं. लिहिणाऱ्याला कुणी बोलायचं नाही. पहिली नोंद मावशींनी मला सांगून लिहून घेतली, मागल्या वर्षीच्या सुईची.

शेवटचा उपाय आमच्या खोलीतला नव्हता. तपासणीच्या कागदावर आम्ही एक ओळ वाढवली: 'व्यवसाय, आणि घरी जनावरं आहेत का?' ही ओळ अजूनही निम्म्या कागदांवर कोरीच येते.

म्हणून हे लिहिलं. घरात कुणाला लांबलेला ताप असेल आणि रक्त तपासायला द्याल, तेव्हा गोठ्यात काय आहे, कच्चं दूध पिता का, अलीकडे एखादी गाय किंवा शेळी गाभडली का, हे कुणी विचारलं नाही तरी सांगा. तुमचं निदान लवकर होईल. आणि ती प्लेट कुठे उघडायची, हे आतल्या माणसाला आधीच कळेल.