लायन्स रेंज : ओळखीच्या बाजाराची गल्ली

कोलकात्याला जायचं म्हटलं की आपली लिस्ट ठरलेली असते. व्हिक्टोरिया, हावडा ब्रिज, पार्क स्ट्रीट, मिष्टी दोई, जमलंच तर ट्राममध्ये एक फोटो. या लिस्टमध्ये मला एका गल्लीची भर घालायचीय. टुरिस्ट म्हणून बघण्यासारखं तिथे फारसं काही नाही. पण लंच टाइममध्ये मोबाइलवर शेअर्स घेणाऱ्या-विकणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी तिथून चक्कर मारावी. गल्लीचं नाव लायन्स रेंज. तिथे सात नंबरच्या इमारतीत आहे कलकत्ता स्टॉक एक्स्चेंज. शहराचं नाव २००१ मध्ये बदललं, एक्स्चेंजने मात्र आपलं ‘कलकत्ता’ सोडलं नाही.

नाव ऐकून सिंह शोधू नका. शेजारच्या रायटर्स बिल्डिंगचा आराखडा थॉमस लायन याने केला होता, त्याच्या नावावरून ही गल्ली. लाल दिघीचं तळं डावीकडे ठेवून रायटर्सच्या लालभडक भिंतीला वळसा घातला की आपण मागच्या बाजूला पोचतो. मी गेले ती वेळ ऐन ऑफिसची. मातीच्या भांड्यातला चहा घेतला (तिथे त्याला ‘भाँड़’ म्हणतात, मुंबईच्या कटिंगएवढाच!) आणि फुटपाथवर उभी राहून त्या जुन्या, भारदस्त इमारतीकडे बघत बसले. आजूबाजूला वकील, बँकवाले, फायली घेऊन धावणारे प्यून. गर्दी आहे, पण शेअर बाजाराची नाही. या एक्स्चेंजच्या स्वतःच्या यंत्रणेवरचे व्यवहार एप्रिल २०१३ पासून बंद आहेत. गंमत म्हणजे राज्याचं सचिवालयही त्याच वर्षी रायटर्समधून उठून हुगळीपलीकडे ‘नबान्न’मध्ये गेलं. एका वर्षात गल्लीने सरकारही घालवलं आणि बाजारही.

वड तिकडे, कडुनिंब इकडे

मुंबईचा शेअर बाजार वडाच्या झाडाखाली सुरू झाला हे आपण शाळेपासून ऐकतो. कोलकात्याचं झाड कडुनिंबाचं. १८३० च्या दशकापासून इथले दलाल त्याच्या सावलीत जमायचे. १९०८ मध्ये त्यांनी रीतसर संस्था काढली, तेव्हा सभासद होते दीडशेच्या आसपास. १९२८ मध्ये आजची इमारत उभी राहिली. चहा, ताग आणि कोळसा हे तेव्हाच्या कलकत्त्याचे तीन धंदे, आणि त्या कंपन्यांची ऑफिसं इथून चालत जाण्याच्या अंतरावर. कंपनी जवळ, दलाल जवळ, पैसेवालाही जवळ. प्रादेशिक एक्स्चेंजचा सगळा फंडा हाच होता.

पुढे सरकारी नियमांनीही त्याला हात दिला. कंपनीने शेअर्सची नोंदणी आपल्या भागातल्या एक्स्चेंजवर करायचीच, असा दंडक होता. त्यामुळे देशात वीसहून जास्त एक्स्चेंज झाली. आपल्या पुण्याचं १९८२ मध्ये सुरू झालं, सदाशिव पेठेत, कुमठेकर रस्त्यावर. मान्यता मिळायची १९५६ च्या कायद्याखाली, आणि १९९२ पासून कायदेशीर अधिकारांसह डोक्यावर बसली ‘सेबी’.

आपलाच माणूस, आपलाच पोलीस

मग हे सगळं बुडालं कसं? सोपं उत्तर आहे कॉम्प्युटर. १९९४ मध्ये एनएसईने शेअर्सचे व्यवहार सुरू केले, सॅटेलाइटच्या डिश गावोगावी बसल्या, आणि सोलापूरचा माणूस थेट राष्ट्रीय बाजारात उतरला. मग त्याला जवळचं एक्स्चेंज कशाला हवं? पण लायन्स रेंजनेही १९९७ मध्ये ‘सी-स्टार’ नावाची स्वतःची स्क्रीन आणली होती. म्हणजे नुसत्या मशीनवर खापर फोडून चालणार नाही.

खरी भानगड आतली. एक्स्चेंजचं एक काम सौदे जुळवण्याचं, आणि दुसरं, त्याहून मोठं, सौदा मोडला तर समोरच्याचे पैसे वाचवण्याचं. त्यासाठी दलालाकडून मार्जिन, म्हणजे आगाऊ रक्कम, वसूल करावी लागते. तो झेपेल त्यापेक्षा मोठी उडी मारत असेल तर त्याचा हात धरावा लागतो. पण एक्स्चेंजचे मालक दलाल, कारभारीही दलाल. रोज ज्याच्यासोबत चहा प्यायचा त्याच्याकडे मार्जिन मागणार कोण?

मार्च २००१ मध्ये याचं उत्तर मिळालं. केतन पारेखच्या लाडक्या शेअर्सचे भाव कोसळले आणि लायन्स रेंजच्या काही बड्या दलालांना पैसे भरता येईनात. खड्डा होता सुमारे १२० कोटी रुपयांचा. संसदेच्या संयुक्त समितीने चौकशी केली, एक्स्चेंजच्या देखरेखीवर ताशेरे ओढले. त्यानंतर इथला धंदा सावरला नाही. ज्या ओळखीवर बाजार उभा राहिला, त्या ओळखीनेच तो घात केला.

आज आपण ब्रोकरचं तोंडही न बघता बिनधास्त शेअर्स घेतो, त्यामागे हा धडा आहे. २००१ मध्येच ‘बदला’ बंद झाला. २००४ च्या कायद्याने एक्स्चेंजची मालकी, कारभार आणि तिथे सौदे करण्याचा हक्क या तीन गोष्टी वेगळ्या काढल्या. २०१२ च्या नियमांनी किमान १०० कोटींची नक्त मालमत्ता मागितली. सौदे पूर्ण करण्याची हमी वेगळ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे गेली. वर्षाला १,००० कोटींची उलाढाल जमत नसेल तर दोन वर्षांत गाशा गुंडाळा, असंही सेबीने मे २०१२ मध्ये सांगून टाकलं. एकेक एक्स्चेंज बाहेर पडलं. पुण्याचं २०१५ मध्ये मिटलं. लायन्स रेंज कोर्टात लढत राहिलं, आणि २०२५ मध्ये शेअरधारकांनीच बाहेर पडण्याला मंजुरी दिली.

ट्रंकेतला कागद

मग सगळं छानच झालं का? इथे माझं मन जरा अडतं. नियमांनी छोट्या गुंतवणूकदाराला वाचवलं, पण छोट्या कंपनीचं काय? फक्त प्रादेशिक एक्स्चेंजवर नोंदलेल्या कितीतरी कंपन्यांचे शेअर्स बाजारच उरला नाही म्हणून लटकले. त्यांच्यासाठी राष्ट्रीय एक्स्चेंजवर ‘डिसेमिनेशन बोर्ड’ काढला. तिथे खरेदीदार आणि विकणारा एकमेकांना शोधू शकतात, पण बाजारासारखी हमी नाही. शेवटी २०१६ मध्ये सेबीने अशा कंपन्यांना बजावलं, मोठ्या एक्स्चेंजवर या, नाहीतर प्रवर्तकांनी शेअरधारकांना मोबदला देऊन मोकळं करावं.

म्हणून एक काम करा. पुढच्या वेळी घरी गेलात की आजोबांची ट्रंक उघडा. पिवळी पडलेली सर्टिफिकेटं सापडली तर रद्दीत टाकू नका. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर्स विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी ते डीमॅट करावे लागतात. वारसाहक्काची प्रक्रिया मात्र वेगळी आहे. सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर शेअर्स सरकारच्या आयईपीएफ निधीत गेलेले असू शकतात. तिथूनही दावा करून परत मिळतात. वेळ लागतो, पण मिळतात.

कसं जाल?

पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस, मुंबईहून गीतांजली, दोन्ही हावड्याला पोचतात. तिथून मेट्रो पकडा. मार्च २०२४ पासून ती हुगळीच्या खालून धावते. पुढचंच स्टेशन ‘महाकरण’, म्हणजे रायटर्स. रविवारी जाऊ नका, गल्ली झोपलेली असते. दुपारी जा, झालमुडी घ्या आणि खिशातला मोबाइल मिनिटभर खिशातच राहू द्या.