कार्ल्याचा अंधार

दुपार कलताना कार्ल्याच्या चैत्यगृहात होतो. बाहेर एकवीरेची रांग, ढोल, नारळ-ओटीची दुकानं. त्या गलक्यातून थेट आत जाताच येत नाही. आधी खडकाचा पडदा, मग ओवरी, तिच्या बाजूच्या भिंतींतून अर्धेच बाहेर आलेले हत्ती, मग कुठे दार. तोवर डोळे सावलीला सरावतात.

सभागृह सुमारे ४५ मीटर खोल, पण उजेडाला वाट एकच मोठी: दारावरचं पिंपळपानी गवाक्ष. तो उजेड मधून सरळ स्तूपाकडे जातो. खांबांमागच्या वाटा काळोख्याच राहतात. एका खांबाशी बराच वेळ रेंगाळलो. अष्टकोनाची एक बाजू उजळ, पुढची करडी, तिसरी दिसेनाशी. वर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या. खडकाला त्यांच्या आधाराची काय गरज? पण त्यांच्यामुळेच छताला सावल्यांच्या रेघा मिळाल्या.

हल्ली फॉल्स सीलिंगमध्ये दिवे लपवून 'अँबियन्स' करतात. करोत बापडे. घर बांधणाऱ्यांनो, दारातूनच सगळं घर दिसेल असा नकाशा आला, तर तो खुशाल परत पाठवा.