समुद्रतळाच्या भीतीतून बाहेर

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीला भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा त्यांच्यामागे समुद्रतळाचा मिथेन वायू असणार, असं मला ठामपणे वाटलं. धुंदलवाडीकडच्या ओळखीच्यांना मी तसं सांगतही होतो.

थंडी आणि दाब असेल तिथे मिथेन पाण्याच्या रेणूंत अडकून बर्फासारखा गोठतो. हा हायड्रेट. एक घनमीटर हायड्रेट फुटला की दीडशेहून जास्त घनमीटर वायू सुटतो. समुद्र तापला, तळ हादरला, तर हा सगळा साठा एकदम वर येईल आणि पृथ्वी होरपळेल, असं मी वाचलं होतं. पायाखालची जमीन गुरगुरत असताना असलं काही लगेच पटतं.

माझं मत हललं ते समुद्राच्या खोलीचा नकाशा पाहिल्यावर. आमच्यासमोरचा उथळ समुद्र तीनशे किलोमीटरच्या आसपास पसरला आहे. मुंबई हायच्या विहिरीसुद्धा ऐंशीएक मीटर पाण्यातच आहेत. आपल्या कोमट समुद्रात हायड्रेट टिकायला निदान सहा-सातशे मीटर खोली हवी. २००६ साली ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ जहाजाने केरळ-कोकण खोऱ्यात, खोल पाण्यात छिद्र घेतलं. तिथेही हायड्रेट मिळाला नाही. पूर्व किनाऱ्याच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मात्र त्याचा सुमारे १३० मीटर जाडीचा थर सापडला. शिवाय आमच्या धक्क्यांची केंद्रं समुद्राखाली नव्हे, जमिनीखाली, कमी खोलीवर होती.

पश्चिम किनाऱ्याच्या गाळात वायू आहे, हे खरंच. करिसिद्दय्या आणि वीरय्या या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्येच त्यावर लिहिलं होतं. पण तो कुजत्या गाळातून होणारा वायू, गोठलेला साठा नव्हे. खोल तळातून सुटणारा मिथेनही बराचसा जीवाणूच फस्त करतात, उरलेला पाण्यात विरतो. हायड्रेटमुळे या शतकात वायू-उत्सर्जनाची दिशा लक्षात येण्याइतकी बदलण्याची शक्यता फारच कमी, असं हवामान बदलावरच्या आंतरशासकीय समितीने (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालात म्हटलं आहे.

माझ्या त्या सिद्धान्ताने एक नुकसान केलं, ते मला सलतं. पाड्यांवर भिंतींना तडे जात होते, माणसं थंडीत बाहेर झोपत होती. घरं कशी बांधावीत, याबद्दल बोलायचं सोडून मी समुद्राबद्दल बोलत राहिलो.

मिथेनची काळजी मात्र गेलेली नाही, तिची जागा बदलली. औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत हवेत तो आज अडीच पटींहून जास्त आहे, आणि त्यातली वाढ मुख्यतः आपली: गुरं, भातखाचरं, कचऱ्याचे डोंगर, वायूच्या गळक्या वाहिन्या, कोळशाच्या खाणी. डहाणूचं औष्णिक केंद्र ज्या कोळशावर चालतं, तसा कोळसा खणतानाही मिथेन सुटतो. हा वायू हवेत बारा-एक वर्षंच टिकतो. गळती आज थांबवली तर तिचा गुण आमच्या हयातीतच दिसेल, म्हणून खाणी आणि कचराभूमींवर मिथेनची मोजणी सक्तीची करावी, असा माझा आता आग्रह आहे.