राहून गेलेले नाव

दिवाळीला आमच्या घरी माणसे मोजण्याची जुनी रीत आहे. चकल्या किती, अनारसे किती, हे त्यावरच ठरते. त्यामुळे कोण केव्हा आले नि कोणत्या खोलीत निजले, हे माझ्या वहिनींना तोंडपाठ असते. परंतु तीन वर्षांपूर्वी रिसोड तालुक्यातल्या आमच्या गावी आशाताई वही घेऊन ओसरीवर बसल्या आणि त्यांनी नेमके हेच विचारले, तेव्हा आम्ही सारेच विसराळू झालो!

कारणही तसेच होते. मुंबईहून दिवाळीला आलेला पुतण्या खोकतच आला होता. वाशिमला बेडका तपासला, तर क्षय निघाला. आणि तोही रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड या दोन्ही मुख्य औषधांना न जुमानणारा. "गोळ्या अर्ध्यावर सोडल्या असशील!" मी दरडावले. "काका, म्या तं आजवर एकबी गोळी खाल्ली नाही," तो म्हणाला. मला ते खोटे वाटले.

खोटे मुळीच नव्हते. अर्धवट उपचारांनी जंतू एखाद्याच्या छातीत निर्ढावतो, हे खरे. परंतु एकदा निर्ढावला, की तो तसाच खोकल्यावाटे दुसऱ्याच्या छातीत शिरतो. ज्याने औषधाचे तोंडही पाहिले नाही, त्यालाही हा हट्टी रोग आयता मिळतो. पुतण्या गोवंडीला एकाच खिडकीच्या खोलीत आणखी सात जणांबरोबर राहत होता.

2012 सालापासून क्षयाचा प्रत्येक रोगी सरकारदरबारी कळवावा लागतो. मग त्याच्या सहवासातल्यांचा शोध सुरू होतो. आज प्रयोगशाळेत जंतूची 44 लाख अक्षरांची कुंडली वाचता येते. दोघांच्या जंतूंत पाच-दहा अक्षरांचाच फरक निघाला, तर दोघे एकाच साखळीतले असावेत, असे मानतात. परंतु ही कुंडली मांडायची, तर दुसराही आधी सापडावा लागतो. अन् त्याला शोधायला कोणीतरी त्याचे नाव सांगावे लागते.

मी एक नाव सांगितले नाही. माझ्या मुलीचे. थंडीच्या रात्री दारे लावून ती भावाबरोबर तासन् तास कॅरम खेळत असे. तिचे लग्न ठरत होते. मी गप्प राहिलो. आशाताई वही मिटू लागल्या, तोच आतून वहिनी आल्या.

"बाई, एक नाव राह्यलं. लिहून घ्या."

ज्या माउलीच्या लेकाला मी नाही नाही ते बोललो होतो, तिने माझ्या लेकीचे नाव लिहवले. मला तेव्हा रागच आला!

मुलीला खोकलासुद्धा नव्हता. परंतु एक्स-रेत डाग दिसला. तपासणीत तोच रोग निघाला. रोग कोवळा असतानाच औषधे सुरू झाली. ते स्थळ गेले. मुलगी राहिली.

दोघेही आता बरे आहेत. परवा वहिनी चकल्यांचा हिशेब करीत होत्या. बोटे मोडता मोडता थांबल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भाऊजी, कोणाचं नाव राह्यलं तं नाही ना?"

मी मान खाली घातली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलो.