थांबण्याची तालीम

आमच्या नातीला कराटेच्या वर्गात घालावे असा प्रस्ताव सूनबाईंनी तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मांडला, तेव्हा त्यास पहिला विरोध आमचाच होता. शासकीय सेवेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला कोणत्याही नव्या प्रस्तावावर आधी शेरा मारण्याची सवय जडलेली असते, हे एक कारण. दुसरे कारण बडोद्याचे. ज्या गावाने जुम्मादादांचा आखाडा पाहिला, राजरत्न माणिकरावांची शिस्त पाहिली, त्या गावच्या मुलीने जपानी व्यायाम शिकावा, हे आमच्या मनाला रुचेना. आमचे आजोबा दांडिया बाजारातल्या वाड्यातून पहाटे आखाड्यात जात. त्यांची मुद्गलांची जोडी वाडा विकल्यानंतरही आम्ही टाकली नाही. वाघोडिया रोडवरच्या आमच्या फ्लॅटच्या माळ्यावर ती अजून आहे. आम्ही स्वतः मात्र दहाव्या वर्षी चार महिने मलखांबाला तेल लावून परीक्षेच्या निमित्ताने जे सुटलो ते पुन्हा फिरकलो नाही. हे सूनबाईंना ठाऊक होते.

"मग तिला आखाड्यातच घाला," आम्ही म्हणालो.

"घालते, नाना. पण रोज संध्याकाळी इथून शहरात नेणार कोण?"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. कराटेचा वर्ग शेजारच्या सोसायटीच्या सभागृहात होता. आठवड्यातून तीन दिवस नातीला तेथे नेण्याचे व आणण्याचे काम, पेन्शनर या नात्याने, ओघानेच आमच्याकडे आले.

नात त्या वेळी सात वर्षांची होती. शाळेतून दर महिन्यास एक तक्रार यायची: अभ्यास अर्धा राहतो, बाकावर बसत नाही, बाई शिकवीत असताना खिडकीकडे पाहते. घरी जेवतानाही एक हात मोबाइलकडे. तिच्यात दोष होता असे आम्ही म्हणणार नाही. चार मोठी माणसे चार खोल्यांत चार पडदे पाहत असताना त्या मुलीने कोणाकडे पाहून स्थिर बसायचे, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता.

पहिल्या दिवशी आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सर्व नीट पाहिले. मुलांनी चपला दाराबाहेर ओळीत लावल्या. एका मुलाची चपल वाकडी होती, तर सरांनी काही न बोलता तिच्याकडे पाहिले आणि तो मुलगा धावत जाऊन ती सरळ करून आला. मग सर्वजण वज्रासनात बसले. जपानी लोक त्याला सेइझा म्हणतात. 'मोकुसो' असा शब्द झाला आणि वीस-बावीस मुलांनी डोळे मिटले. आमच्या नातीने एक डोळा मिटला, दुसऱ्याने ती आमच्याकडे पाहत होती.

सर म्हणजे तिशीतला एक गुजराती तरुण. दिवसा बँकेत नोकरी, संध्याकाळी हा वर्ग. पहिले दोन महिने त्यांनी मुलांना जवळजवळ उभे राहण्यापलीकडे काही शिकविले नाही. पाय खांद्याएवढे दूर, गुडघा वाकलेला, पाठ सरळ, नजर समोर. आम्हांला राहवले नाही. "अहो, उभे राहायला काय शिकायचे असते?" असे आम्ही एकदा विचारले. ते हसून म्हणाले, "काका, तुम्ही एक मिनिट उभे राहून दाखवा." आम्ही उभे राहिलो. अर्ध्या मिनिटात मांड्या थरथरू लागल्या आणि मागे कोणीतरी पोर हसले. त्यानंतर आम्ही शेरे मारणे थांबविले.

रिकामा वेळ आणि खुर्ची मिळाली की निवृत्त माणूस वाचू लागतो. आम्ही या विद्येचा मागोवा घेतला, तेव्हा आमचा पहिला विरोध किती अज्ञानाचा होता ते ध्यानात आले. कराटे मूळचे ओकिनावा बेटाचे. पूर्वी तेथे ते गुपचूप, एका गुरूकडून एक-दोन शिष्यांकडे जाई. अंको इतोसु नावाच्या गुरूंनी १९०१ साली ते शुरी गावच्या प्राथमिक शाळेत नेले, आणि १९०८ साली शिक्षण खात्यास पत्र लिहून या विद्येचे शाळांसाठी काय मोल आहे ते दहा कलमांत मांडले. मुलांना पेलावेत म्हणून त्यांनी 'पिनान' नावाचे पाच सोपे क्रम बसविले. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी हे पेशाने शाळामास्तर. त्यांनी १९२२ साली टोकियोत ही विद्या दाखविली आणि मग ती जपानभर पसरली. पांढरा पोशाख व रंगीत पट्टे ही मूळची कराटेची चीजच नव्हे. ती जिगोरो कानो यांच्या ज्युडोकडून आलेली आहे. 'कराटे' शब्दातील 'करा' म्हणजे पूर्वी चीन देश असा अर्थ होई. पुढे त्याच उच्चाराचे दुसरे अक्षर योजून तो 'रिकामा' असा करण्यात आला. रिकामे हात.

आता वाचकांनी सालांकडे पाहावे. इतोसु शाळेत गेले त्याच दशकात आमच्या बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि माणिकरावांच्या आखाड्यात तरुण मुले शरीर कमावण्यास येऊ लागली होती. पुढे लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापणारे स्वामी कुवलयानंद १९०७ च्या सुमारास याच माणिकरावांपाशी शिकले. आबासाहेब मुजुमदारांनी मराठीत व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले तेही बडोद्यातूनच. दोन दूरच्या ठिकाणी, एकमेकांचे नाव न ऐकलेल्या माणसांना एकाच वेळी वाटले की मुलाच्या मनाकडे जाणारी वाट त्याच्या शरीरातून जाते. आजोबा हयात असते तर या ओकिनावाच्या मास्तरांना त्यांनी घरी पाटावर बसविले असते, असे आम्हांला वाटते.

असो. वर्गाकडे वळू. कराटेतील ज्या भागाने आमच्या नातीचे चित्त थाऱ्यावर आणले तो भाग मारामारीचा नव्हे, 'काता'चा. काता म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी ठरलेल्या क्रमाने एकट्याने केलेली झुंज. मुलांचा पहिला मुख्य काता 'हेइआन शोदान'. इतोसुंचे 'पिनान' ते हेच. फुनाकोशींनी नाव बदलले. हेइआन म्हणजे शांती. यात एकवीस हालचाली आहेत, आणि पहिली हालचाल प्रहाराची नाही, डाव्या बाजूने आलेला वार अडविण्याची आहे. वळायचे, अडवायचे, पुढे जायचे, पुन्हा वळायचे. आणि शेवटची हालचाल संपते तेव्हा जेथून आरंभ केला नेमक्या त्याच जागी पाऊल पडायला हवे.

ही शेवटची अट आम्हांला फार आवडली. आयुष्यभर आम्ही रोजकिर्दी तपासल्या. दिवसअखेर शिल्लक जुळली नाही तर चूक कोठेतरी मध्येच झालेली असते आणि ती शोधून काढावी लागते. कात्यातही तसेच. सर फरशीवर खडूने एक लहान फुली काढीत. नात एकवीस हालचाली करून थांबे, आणि खाली पाही तर फुली दोन हात दूर. कोणी रागावत नसे. रागावण्याची गरजच नव्हती, फुलीच सारे सांगत होती. कोठे पाऊल आखूड पडले? कोठे मन खिडकीबाहेर गेले? ती पुन्हा आरंभ करी. सात वर्षांच्या ज्या मुलीला बाई पाच मिनिटे बसवू शकत नव्हत्या, ती एका फुलीसाठी चाळीस मिनिटे खपताना आम्ही पाहिली. फुली दोन हातांवरून एका हातावर आणि मग वितीवर येण्यास आठ महिने लागले.

गणितातील गुण वाढले काय, असे आमचे मित्र विचारतात. फारसे वाढले नाहीत. पण गृहपाठाची वही आता पानाच्या शेवटपर्यंत भरलेली असते आणि चपला दारात सरळ असतात. ज्या पालकांना पट्ट्यांचीच घाई असते, आणि ज्या वर्गांत दर तीन महिन्यांनी शुल्क भरून पट्टा बदलून मिळतो, त्यांच्याविषयी आम्ही येथे लिहीत नाही. लहान मुलांकडून कौले-विटा फोडवून घेणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. कोवळी हाडे ती.

खरी गोष्ट दुसऱ्या वर्षी घडली. जोडीने सराव करण्यास मुलांना तेव्हा नुकतीच परवानगी मिळाली होती. यातला नियम असा की ठोसा पूर्ण जोराने निघावा, पण समोरच्याच्या अंगापासून बोटभर अंतरावर थांबावा. त्याला 'सुन-दोमे' म्हणतात; 'सुन' हे सुमारे तीन सेंटिमीटरचे जपानी माप. आरंभाला 'हाजिमे' आणि थांबण्याला 'यामे' असे दोन शब्द. 'यामे' कानावर पडला की हात हवेत असेल तेथेच राहिला पाहिजे.

त्या दिवशी जोडीतील मुलगा नातीस काहीतरी चिडवीत होता. 'यामे' झाले. मुलगा थांबला. नात थांबली नाही. तिची मूठ त्याच्या ओठावर बसली आणि रक्त आले.

आम्ही खुर्चीतून उठलो. आमचा हात कोठे चालला होता हे आम्हांला आजही आठवते, आणि ते लिहिण्यास संकोच वाटतो. सर आमच्या आधी तेथे पोहोचले. त्यांनी मुलाच्या ओठावर बर्फ धरला, त्याला पाणी दिले, त्याच्या आईस बोलावले. मग नातीस एका कडेला सेइझात बसविले. आवाज चढविला नाही. वर्ग संपल्यावर तिला एवढेच म्हणाले, "मूठ थांबविता येत नसेल तर ती उचलायची नाही." पुढचा महिनाभर तिला जोडीदार मिळाला नाही. भिंतीशी दोरीवर वर्तमानपत्राचा एक कागद टांगून दिला. त्यावर ठोसा मारायचा. कागद वाऱ्याने हलला तर चालेल, वाजता कामा नये.

त्या संध्याकाळी स्कूटरवर मागे बसलेल्या नातीने आम्हांला विचारले, "आजोबा, तुम्ही बाबांना मारायचात का?"

मागे बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, त्यालाही आपला दिसत नाही, ही एक सोय.

चिरंजीव अकरा वर्षांचे असताना आमची नेमणूक तालुक्याच्या गावी होती. शनिवारी रात्री घरी यायचे, रविवारी त्याचे प्रगतिपुस्तक पाहायचे. आम्ही पुस्तक उघडीत असू तेव्हाच हात उठलेला असे. एकदा लाकडी पट्टी मोडली. वळण लावणे म्हणजे हेच, असे आम्ही मानीत होतो. आमच्या वडिलांनी आम्हांला असेच लावले होते. तो कधी उलट बोलला नाही. आज तो बेचाळीस वर्षांचा आहे, मोठ्या कंपनीत चांगल्या पदावर आहे, आमचे सर्व काही करतो. पण आम्ही मागून जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर त्याची मान किंचित आत जाते. आमच्या सौ.नी हे आम्हांला प्रथम दाखविले, त्याला दहा वर्षे झाली. त्यानंतर आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवणेच सोडून दिले.

"हो," आम्ही नातीस म्हणालो.

"जोरात?"

"हो."

ती पुढे काही बोलली नाही. घराच्या फाटकाशी उतरल्यावर तिने आमचे हेल्मेट हातात घेतले आणि जिना चढू लागली.

कागदाचा सराव ती घरीही करू लागली. बाल्कनीतील कपड्यांच्या दोरीवर रोजचे वर्तमानपत्र अडकवायची. पहिले काही दिवस पाने फाटत आणि आम्हांला अग्रलेख जोडून वाचावे लागत. मग फाटणे थांबले, वाजणेही कमी झाले. एका रविवारी तिने आम्हांला उभे केले. "आजोबा, तुम्ही मारा. मी 'यामे' म्हणेन." अडुसष्टाव्या वर्षी लुंगी सावरून आम्ही तिने दाखविल्याप्रमाणे पाय दूर घेतले आणि मूठ कमरेशी आणली. पहिल्या तीन वेळा कागद वाजला. थांबणे किती कठीण असते! सगळा जोर बाहेर पडायला निघालेला असतो, आणि शेवटच्या बोटभर अंतरात तो आपला आपणच धरायचा.

चौथ्या वेळी दारात चिरंजीव उभे असल्याचे आम्हांला जाणवले. हातात चहाचा कप होता. किती वेळ उभा होता, ठाऊक नाही. नात म्हणाली, "यामे!" आमची मूठ थांबली. कागद हलला, वाजला नाही.

"नाना, कोपर आत घ्या," तो म्हणाला. "बाहेर गेले की तोल जातो."

त्याला हे कोठून कळले, असे आम्ही विचारले. रोज रात्री ती मला शिकविते, तो म्हणाला, आणि कप कठड्यावर ठेवून आमचे कोपर धरून त्याने ते बरगडीशी आणले.

गेल्या डिसेंबरात नातीची पट्ट्याची परीक्षा झाली. त्या दिवशी तिला घेऊन आम्ही दोघेही गेलो. काता झाला तेव्हा तिचे पाऊल फुलीपासून चार बोटे डावीकडे होते. सरांनी पुन्हा करण्यास सांगितले. तिने पट्टा नीट केला, वाकून नमस्कार केला, आणि पहिल्यापासून आरंभ केला.