उद्या गॅलरीतून ओरडण्याआधी...

उद्या शाहू स्टेडियमवर आमची मॅच. समोर कोण, हे कोल्हापुरात सांगायला नको.

परवा रात्री तालमीत बसलो. पोरांचं एकच, "दादा, पहिल्यापासनं वर चढून प्रेस करू." मागच्या वेळी तेच केलं होतं की! वीस मिनिटांत दम गेला आणि आमच्या बॅकच्या मागं मोकळी जागा सापडल्यावर त्यांच्या विंगरनं पहिला गोल टाकला. आमची निम्मी पोरं दिवसभर कामाला असतात, सराव फक्त पहाटे. शेवटपर्यंत पळायचा दम आणायचा कुठनं?

मग मी 10 सप्टेंबर 2019 ची दोह्याची मॅच काढली. कतार तेव्हा आशियाचा विजेता, आणि आपल्याकडं छेत्री आजारी. तरी 0-0. गुरप्रीतनं एकामागोमाग एक बॉल अडवले. त्या एका गुणावर आपणच किती नाचलो होतो!

तर उद्या आम्ही मागं राहून खेळणार. विंगरला आत येऊ द्यायचं नाही, लाइनकडं ढकलायचं. बाकीचं इथं लिहीत नाही, त्यांचीबी पोरं वाचतात.

खरी काळजी आमच्याच गॅलरीची आहे. आमचा बॅक एकोणीस वर्षांचा. मागच्या मॅचला "भित्रा" म्हणून शिव्या ऐकल्या, चिडून जागा सोडून पुढं गेला, आणि दुसरा गोल तिथनंच झाला. घरी जाऊन दोन दिवस जेवला नाही पोरगा.

उद्या त्यानं बॉल गोलकीपरकडं मागं दिला तर तेवढं गप बसा, भावांनो.